पुनर्विवाह केला नसल्याबाबत

होटगी हे जंक्शनचं गाव. सोलापूरहून रायचूरकडे जाणारा जुना लोहमार्ग इथून जातो आणि विजापूर, बागलकोट, गदगकडचा फाटा इथेच फुटतो. रेल्वेची नोकरी आली तिथे रेल्वेची पेन्शन आली, आणि पेन्शनवाला गेला की त्याच्या बायकोची फॅमिली पेन्शन. ज्या घरात सरकारी नोकरी कधीच नव्हती, तिथे दक्षिण सोलापूर तहसीलमधून मंजूर होणारे ‘संजय गांधीचे पैसे’, म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, येतात. दोन्हींची खाती वेगळी, कागद वेगळे, रकमाही फार वेगळ्या. विधवेच्या कागदावर एक ओळ मात्र दोन्हीकडे असते: मी पुनर्विवाह केलेला नाही. कुठे ती तलाठ्याच्या किंवा ग्रामसेवकाच्या दाखल्यात असते, कुठे नोव्हेंबरात द्यायच्या हयातीच्या दाखल्यात, ‘मी जिवंत आहे’ याच्या शेजारीच. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं, बोटाचा ठसा देऊन दाखला घरबसल्या निघू लागला, तरी पुनर्विवाहाचा प्रश्न त्या पडद्यावर तसाच उभा राहिला.

घरात जोडीदार आला की आधाराचे पैसे का थांबावेत, असं विचारलं तर कुणीही उत्तर देईल: आता सांभाळणारं माणूस आलं ना. वरवर हे पटतं. पण येणारं माणूस काय कमावतं, ते घरात काय देतं, की उलट त्यालाच कुणीतरी पोसायचं आहे, हे ती ओळ विचारत नाही. माणूस आलं एवढ्यावरच ती थांबते. हा हिशेब कुठून आला ते शोधायला लागलं की वाट होटगीपासून फार लांब जात नाही.

पहिला मुक्काम पूर्वेकडे, सोलापूर–हैदराबाद रस्त्यालगतच्या बसवकल्याणला. चालुक्यांची ही राजधानी. विक्रमादित्य सहाव्याच्या काळात, बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास, विज्ञानेश्वराने इथे याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. मुलगा नसलेल्या, वेगळ्या राहणाऱ्या माणसाचं धन त्याच्या पत्नीला मिळावं, असा निर्वाळा त्याने दिला. त्या काळात ही मोठी गोष्ट होती, कारण तिला नुसतं अन्नवस्त्र द्यावं आणि धन भावांनी घ्यावं, असं म्हणणारे कमी नव्हते. मात्र हक्क दिला तो अटीवर: पत्नी संयमाने राहणारी, नवऱ्याच्या शय्येचा मान राखणारी असली पाहिजे. मेलेल्या नवऱ्याच्या धनाला जिवंत बाईच्या वागणुकीची अट इथे कायद्याच्या भाषेत बांधलेली दिसते.

गावात मात्र ग्रंथाबाहेरचा व्यवहार चाले. सोलापूर–विजापूरच्या पट्ट्यात मराठी घरांत पाट लागत असे, कुठे त्याला मोहतर म्हणत, आणि कन्नड बोलणाऱ्या लिंगायत व इतर घरांत उडकी होत असे. विधवा दुसरं घर करी, जात ते मान्य करी. मराठेशाहीत ‘पाटदाम’ नावाचा करही होता. म्हणजे विधवेचं दुसरं लग्न ही गोष्ट दरबाराला इतकी ओळखीची होती की त्यावर पट्टी बसवलेली होती. पहिल्या घरच्या जमिनीचं काय करायचं, पोरं कुणाकडे राहायची, हे जातीच्या आणि गावाच्या पंचांपुढे ठरे. ते नेहमी न्यायाचं असे, असं मी म्हणणार नाही. पण ते माणसं बघून ठरे.

मग १८५६ चा हिंदू विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या झगड्याचं ते फळ, आणि ते किती कष्टाने आलं हे आपण शाळेपासून वाचतो. त्याचं दुसरं कलम मात्र शाळेत येत नाही. विधवेने पुन्हा लग्न केलं की मृत नवऱ्याच्या मालमत्तेतला तिचा हक्क आणि हितसंबंध संपतील, जणू ती त्या क्षणी मेली आहे, असं ते कलम सांगत होतं. लग्नाची मोकळीक आणि कायद्यापुरता मृत्यू, दोन्ही एकाच कायद्यात. हयातीच्या दाखल्यावर आजही या दोन ओळी शेजारी का बसतात, ते मला या कलमापाशी आल्यावर कळलं.

ज्या ब्राह्मण आणि इतर वरच्या मानलेल्या घरांत पुनर्विवाह होतच नव्हता, त्यांच्यासाठी हा कायदा केला गेला होता. प्रश्न आला तो ज्यांच्यात पाट आधीपासून होता त्यांचा. त्यांना या कायद्याची गरजच नव्हती, मग त्याचा दंड त्यांनी का भरावा? अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने १८८९ मध्ये हाच विचार केला आणि रूढीने पुनर्विवाह करणाऱ्या जातींतल्या विधवेचा हक्क कायम धरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १८९६ मध्ये, विठू विरुद्ध गोविंदा या खटल्यात, उलट कौल दिला: रूढी असो वा नसो, पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याची मालमत्ता गेली. सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्यात होता. गंगेकाठच्या शेतकरी विधवेला मिळालेली मुभा भीमेकाठच्या शेतकरी विधवेला मिळाली नाही. महाराष्ट्रातल्या पुनर्विवाहाच्या चळवळीचा इतिहास विष्णुशास्त्री पंडित आणि धोंडो केशव कर्वे यांच्या नावांनी सांगितला जातो, आणि तो सांगायलाच हवा. पण ज्या बायका त्यांच्याआधीपासून दुसरं घर करत होत्या त्यांचं काय गेलं, हे त्या इतिहासात फार शोधावं लागतं.

ही झाली एक मुळी, मालमत्तेची. दुसरी मुळी दुष्काळाची, आणि ती थेट होटगीच्या फलाटाखाली आहे.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनवर पडला तेव्हा मुंबई इलाख्यात सोलापूर आणि त्याला लागून असलेला तेव्हाचा कलादगी जिल्हा, म्हणजे विजापूर–बागलकोटचा भाग, यांची फार वाईट दशा झाली. सरकारने मदतीची कामं काढली. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल याने मजुराचं रोजचं धान्य एक पौंडावर आणलं आणि कामांवरच्या लोकांनी काम सोडून निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशींच्या पुढाकाराने या काळाची टिपणं सरकारकडे पाठवली. पुढे रिचर्ड स्ट्रॅची याच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग बसला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, दुष्काळी मुलखात धान्य पोचवण्यासाठी रेल्वे बांधायला जोर मिळाला. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे स्थापन झाली आणि होटगी ते गदग ही तिची मीटरगेज लाइन १८८४ मध्ये सुरू झाली. दुसरी, दुष्काळ संहिता.

या संहितेने गरिबांची दोन भागांत वाटणी केली. अंगात बळ आहे त्याने खडी फोडावी, तळं खणावं, आणि मजुरी घ्यावी. ज्याला काम करणं शक्यच नाही, म्हणजे आंधळा, लुळा, वेडा, अतिवृद्ध, त्याला गावातच फुकट शिधा मिळावा. पण शिधा देण्याआधी एक गोष्ट बघायची: रीतीप्रमाणे ज्याने सांभाळायला हवं आणि ज्याला सांभाळणं जमेल असा नातेवाईक आहे का. असला तर शिधा नाही. भुकेने मेटाकुटीला आलेल्या गावात हे बघायचं काम पाटील-कुलकर्ण्यांच्या माहितीवर चाले. सरकारने ‘घरात कोण आहे’ हा प्रश्न अपंग माणसाच्या भाकरीला जोडला तो इथे. त्या संहितेत निदान ‘सांभाळणं जमेल असा’ हे शब्द होते. पुढच्या नियमांत ते हळूहळू झिजले.

स्वातंत्र्यानंतर या दोन मुळ्या एकमेकींत गुंतल्या. १९५६ च्या दत्तक आणि पोटगीच्या कायद्यात विधवा सुनेचा सासऱ्याकडचा पोटगीचा हक्क पुनर्विवाहाबरोबर संपतो. त्याच वर्षीच्या वारसा कायद्याने विधवेला पूर्ण मालकी दिली, पण २४ वं कलम ठेवून काही विधवांना, उदाहरणार्थ आधीच वारलेल्या मुलाच्या बायकोला, पुनर्विवाह केल्यास वारसा नाकारला. ते कलम २००५ च्या दुरुस्तीत गळालं. १८५६ चा मूळ कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. तोपर्यंत त्याचं दुसरं कलम पेन्शनच्या नियमांत जाऊन बसलं होतं.

रेल्वेत १९५७ च्या नोव्हेंबरात पेन्शन योजना आली. त्याआधी प्रॉव्हिडंट फंड होता: एकरकमी पैसे, आणि त्या पैशांना पुढच्या आयुष्याची अट नव्हती. १ जानेवारी १९६४ पासून केंद्राची कुटुंब निवृत्तिवेतन योजना लागू झाली. आधी ठरावीक वर्षांपुरतं मिळणारं निवृत्तिवेतन विधवेला आयुष्यभर मिळू लागलं, आणि ही फार मोठी सुधारणा होती. आयुष्यभर याचा अर्थ मात्र असा: मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत, जे आधी घडेल ते. कारखान्यातल्या कामगारांसाठी १९९५ च्या ईपीएस योजनेतही हेच शब्द आले. जणू ती त्या क्षणी मेली आहे, याची ही नवी मांडणी.

सैन्यात तर याहून पुढचं होतं. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता शहीद जवानाच्या पत्नीला मिळत राहावा, पण तिने दुसरं लग्न केलं तर तो बंद. अपवाद एकच, ते लग्न मृत जवानाच्या भावाशी झालेलं असलं तर. म्हणजे पैसा घराण्याबाहेर जाऊ नये, आणि बाईही. ही अट संरक्षण मंत्रालयाने काढली २०१७ मध्ये. मला या नियमाइतका बोलका दुसरा पुरावा सापडत नाही. तिचं पोट भरण्याची काळजी असती तर दीर आणि परका यांत फरक करण्याचं कारणच नव्हतं.

हे आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत यादवी युद्धातल्या सैनिकांच्या विधवा पेन्शन जाऊ नये म्हणून लग्नाशिवाय कुणासोबत राहतात, अशी ओरड झाली आणि १८८२ मध्ये कायदा करून अशा उघड सहवासावरही पेन्शन बंद करण्यात आली. ब्रिटनने १९२५ च्या विधवा पेन्शनच्या कायद्यात पुनर्विवाहासोबत पुरुषाबरोबर पत्नीसारखं राहणंही अटीत घातलं. अलाबामा राज्यात बाईकडे येणाऱ्या पुरुषाला पोरांचा ‘बदली बाप’ मानून मुलांची मदत तोडत, ते १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलं. आणि आजही अमेरिकेत एसएसआय ही अपंगांची मदत घेणाऱ्या दोघांनी लग्न केलं तर दोघांची मिळून बचतीची मर्यादा ३,००० डॉलर धरली जाते. वेगवेगळे राहिले तर प्रत्येकी २,०००. अपंग जोडपी तिथे लग्नाची तारीख पुढे ढकलत राहतात ती यामुळे.

आपल्याकडचा कायदा शेजारच्याने सांगितलेल्या सहवासावर नव्हे, लग्नावर बोट ठेवतो, हे त्यातल्या त्यात बरं. पण नवऱ्याकडून पोटगी घेणाऱ्या बाईला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात, आणि आता नव्या संहितेच्या १४४ व्या कलमात, परपुरुषासोबत राहत असल्यास पोटगी नाही, हे आहेच. आणि दाखला गावातूनच मिळवायचा असला की गावाचं बोलणं कागदापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० मध्ये सुरू झाली, दुष्काळ आयोगाच्या अहवालानंतर बरोबर शंभर वर्षांनी. अपंग, दुर्धर आजारी, विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, अनाथ मुलं, वेश्याव्यवसायातून मुक्त केलेल्या स्त्रिया, पुढे तृतीयपंथी, पस्तिशीवरची अविवाहित स्त्री: समाजाने कडेला टाकलेल्या किती जणांना या एका योजनेने नाव दिलं, याबद्दल मला तिच्याविषयी मनापासून आदर आहे. परित्यक्तांचं दुःख तर संगमनेरच्या १९८८ च्या परिषदेपासून निशा शिवूरकर आणि त्यांच्या सोबतिणींनी जिवाचं रान करून सरकारपुढे आणलं. मात्र योजनेच्या पोटात आयोगाचा तोच प्रश्न आहे. लाभार्थ्याची मुलं २५ वर्षांची होईपर्यंत किंवा नोकरीला लागेपर्यंत पैसे; फक्त मुली असतील तर त्या मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली तरी पैसे चालू. पंचविशीचा मुलगा बेकार असो वा दारूत बुडालेला, तो आधार. आईचं सगळं करणारी मुलगी आधार नाही. इथेही मोजलं जातं ते माणूस, त्याने आणलेला पैसा नव्हे.

जिथे पैसा मोजला जातो तिथे तो असा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. अपंग लाभार्थ्यासाठी ही मर्यादा ५० हजार. २१ हजार म्हणजे दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. २०२५–२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर ३१२ रुपये ठरला. शंभर दिवस काम मिळालं तर ३१,२०० रुपये. सरकारने स्वतः हमी दिलेलं काम नवऱ्याने पूर्ण केलं तरी बायकोचं अनुदान तुटतं. अपंग बाईचे ५० हजार म्हणजे दिवसाला १३७ रुपये. होटगीच्या सिमेंट कारखान्यात किंवा सोलापूरच्या यंत्रमागावर रोजंदारी करणारा कुठलाही माणूस तिच्या घरात जोडीदार म्हणून आला की ती कागदावर सधन होते. तिचा पाय बरा झालेला नसतो, डोळे आलेले नसतात, औषध-प्रवासाचा खर्च तोच असतो. आतापर्यंत जे पैसे तिच्या नावावर येत, ते आता तिला नवऱ्याकडे मागावे लागतात. अपंग बाईच्या बाबतीत हे मागणं किती धोक्याचं असतं, हे तिच्यासोबत काम करणाऱ्या कुणालाही विचारावं.

आणि याच राज्याने २०१४ मध्ये दिव्यांग आणि अव्यंग व्यक्तींच्या विवाहाला प्रोत्साहन म्हणून ५० हजार रुपये देणारी योजना आणली. त्यात २५ हजारांचं बचत प्रमाणपत्र, २० हजार रोख, साडेचार हजारांचं संसारोपयोगी साहित्य आणि स्वागत समारंभासाठी ५०० रुपये होते. समाजकल्याण खातं लग्न लावून देतं, आणि तहसीलमध्ये त्याच लग्नाने कुटुंबाचं उत्पन्न वाढतं. दोन्ही कागदांवर सरकार एकच आहे.

बदल होतच नाहीत असं नाही, आणि ते कुठून होतात हे बघण्यासारखं आहे. सहाव्या वेतन आयोगानंतर, सप्टेंबर २००८ च्या आदेशाने, केंद्रीय कर्मचाऱ्याच्या अपत्यहीन विधवेची फॅमिली पेन्शन पुनर्विवाहानंतरही चालू राहू लागली. तिचं स्वतःचं उत्पन्न किमान फॅमिली पेन्शनइतकं झालं तरच ती थांबते. नव्या नवऱ्याचं उत्पन्न त्यात धरत नाहीत. २०१३ च्या जानेवारीत अपंग मुलामुलींची फॅमिली पेन्शन त्यांच्या लग्नानंतरही चालू ठेवण्याचा आदेश आला. २०२१ मध्ये अपंग अपत्याची उत्पन्नमर्यादा सैल झाली. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये, अपघातात नवरा गेलेल्या बाईने पुन्हा लग्न केलं म्हणून तिची नुकसानभरपाई नाकारता येणार नाही, असं सांगितलं. १८९६ मध्ये ज्या न्यायालयाने विठूच्या खटल्यात दार लावलं होतं, तेच हे. हे सगळं मिळालं ते संघटित नोकरीतल्या घरांना आणि कोर्टापर्यंत पोचलेल्यांना. होटगीत एका बोळात राहणाऱ्या दोन बायका धरल्या, एकीचा नवरा रेल्वेत गँगमन होता आणि दुसरीचा शेतमजूर, तर पहिलीला मूलबाळ नसल्यास पुन्हा संसार मांडूनही पेन्शन राहील. दुसरीचे दीड हजार मात्र अक्षता पडल्या की गेले.

म्हणून लोक वाटा काढतात. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह-इन मंडळ सुरू केलं. उतारवयात सोबत हवी, पण लग्न केलं की पेन्शन जाते, मुलांशी मालमत्तेवरून वाद होतात. मग लग्नावाचून एकत्र राहणं बरं. शहरातल्या सुशिक्षित विधवेला ही वाट मिळू शकते. खेड्यातल्या बाईला ती बदनामीतून जाते, आणि जोडीदार उद्या गेला किंवा निघून गेला तर तिच्या हाती कुठलाच कागद नसतो. अट तिला लग्नापासून दूर ठेवते आणि लग्नाने मिळणाऱ्या संरक्षणापासूनही.

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी विधवा प्रथा बंद करण्याचा आग्रह धरला, मे २०२२ मध्ये कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामपंचायतीने तसा ठराव केला, आणि राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता घालून दिला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं थांबवा, असं सरकारने गावांना सांगितलं. ते सांगणाऱ्या सरकारच्याच नमुन्यात ‘पुनर्विवाह केला नसल्याबाबत’ हा दाखला राहिला. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी बाईसोबत तिच्या नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला, आणि विधवा-परित्यक्तांना पुन्हा कागद गोळा करावे लागले. त्याच वर्षी अपंगांचं अनुदान दीड हजारावरून अडीच हजार झालं. हे चांगलंच झालं. ५० हजारांची कौटुंबिक मर्यादा मात्र होती तिथेच.

ती बदलायला नवा विचार शोधावा लागणार नाही. २००८ चा आदेश तयार आहे: लग्नाने पैसे बंद होणार नाहीत, आणि मोजायचं ते तिचं स्वतःचं उत्पन्न, घरात आलेल्या माणसाचं नाही. अपंग लाभार्थ्याला तोच नियम, कारण अनुदान त्याच्या अपंगत्वासाठी आहे आणि ते लग्नाने कमी होत नाही. केंद्राने रेल्वेच्या विधवेसाठी जे मान्य केलं ते राज्याने संजय गांधी योजनेतल्या विधवेसाठी आणि अपंगांसाठी मान्य करावं. कुटुंबाच्या उत्पन्नाच्या जागी लाभार्थ्याचं उत्पन्न असं लिहावं आणि पुनर्विवाहाचा दाखला नमुन्यातून काढून टाकावा. त्याला विधिमंडळातला कायदा लागत नाही, मंत्रालयातून निघणारा एक शासन निर्णय पुरतो.